चंचल बालक आणि आपले अवधान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना दोन शब्द बोलण्याची संधी मला दिली, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. अध्यक्ष महोदयांनी विषय विचारला, तेव्हा मी व्यापारातील सचोटीवर किंवा ट्रस्टच्या आरंभीच्या दिवसांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी 'शाळकरी मुलांमधील अवधानाची उणीव' असा विषय सांगितला आणि ते क्षणभर थांबले. त्यांचे थांबणे योग्यच होते. मी कापडाचा व्यापारी. शिक्षण बी. कॉम.पर्यंत झालेले. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा मला कोणताही अधिकार नाही. परंतु या विषयात माझ्या हातून एक मोठी चूक घडली आणि तिची किंमत एका बालकाने मोजली. तीच चूक आपल्यापैकी दुसऱ्या कोणाच्या घरात घडू नये, एवढ्याच हेतूने मी येथे उभा आहे. ज्याच्याविषयी मी बोलणार आहे तो माझा नातू आता सातवीत आहे. बोलण्यापूर्वी मी त्याची आणि त्याच्या आईवडिलांची परवानगी घेतली आहे.

२०२२ च्या पर्युषण पर्वातील प्रसंग आहे. पाठशाळेच्या मुलांचे सामूहिक सामायिक याच सभागृहात होते. सामायिक म्हणजे दोन घडी, अर्थात अठ्ठेचाळीस मिनिटे. माझा नातू तेव्हा चौथीत होता. मुहपत्ती बांधून, आसन टाकून तो मोठ्या उत्साहाने पहिल्या रांगेत बसला. पाच मिनिटे बरी गेली. मग त्याने शेजारच्या मुलाची माळ ओढली. नंतर तो आसनावरच वळून खिडकीचे गज मोजू लागला. दहाव्या मिनिटाला तो उभा राहिला आणि मोठ्याने विचारले, "अजून किती मिनिटं राहिली?" सभागृहात हशा पिकला. मागून कोणीतरी म्हणाले, "हा शेठजींचा नातू ना?"

मी स्वतः त्या वेळी सामायिकात होतो. समभावाचे व्रत घेऊन बसलेला मी आसनावरून उठलो, त्याला दंडाला धरून बाहेर व्हरांड्यात नेले आणि त्याच्या गालावर मारले. तो रडला नाही. गालावर हात ठेवून म्हणाला, "दादाजी, मी बसायचं ठरवूनच आलो होतो. पण मला बसताच येत नाही."

हे वाक्य मी त्या दिवशी ऐकले, पण मला ते समजले नाही. ते समजण्यास आणखी दोन महिने जावे लागले. खरे पाहता, माझी सूनबाई हीच गोष्ट मला दोन वर्षांपासून सांगत होती. २०२० मध्ये शाळा बंद होऊन मोबाईलवर वर्ग सुरू झाले, तेव्हा तो दुसरीत होता. ती रोज त्याच्या शेजारी बसे. इतर मुले चाळीस मिनिटे बसतात आणि हा चार मिनिटेही बसत नाही, हे तिने पाहिले होते. प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देणे, येणारे गणित चिन्ह न पाहता चुकवणे, महिन्याला तीन कंपासपेट्या हरवणे, खेळात स्वतःच्या पाळीची वाट न पाहणे आणि मग मित्रांनी त्याला खेळात न घेणे, हे सर्व तिने पाहिले होते. "बाबा, एकदा डॉक्टरांना दाखवू या," असे ती म्हणे. मी म्हणत असे, "मुलगा आहे, वांड असणारच. आणि डोक्याच्या डॉक्टरकडे नेले ही बातमी बाजारात गेली तर उद्या सोयरीक कोण जोडेल?" सात वर्षांच्या मुलाच्या सोयरिकीची चिंता मी करत होतो. त्याच्या आजच्या दुःखाची चिंता मात्र मला नव्हती.

अखेर त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही त्यास घेऊन प्रथम आपल्या गावच्या बालरोगतज्ज्ञांकडे आणि त्यांच्या सल्ल्याने पुण्यातील बालमानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. माझी कल्पना होती की डॉक्टर डोक्याचा फोटो काढतील आणि दोष असेल तर तेथे दिसेल. तसे काहीच झाले नाही. या अवस्थेचे निदान रक्ताच्या चाचणीने अथवा स्कॅनने होत नाही. प्रथम त्याचे कान व डोळे तपासले. त्याची झोप कशी आहे, घरात काही ताण आहे का, हे विचारले. बुद्धिमापन झाले. आईवडिलांनी आणि शाळेतील वर्गशिक्षिकेने वेगवेगळी प्रश्नावली भरून दिली. दोन भेटींत मिळून तीन तासांहून अधिक वेळ गेला. शेवटी डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारले, "आजोबा, तुमच्या कुटुंबात लहानपणी असे आणखी कोणी होते का?"

माझ्या तोंडून शब्द निघेना. मला माझा धाकटा बंधू आठवला.

आम्ही दोघे १९७० च्या दशकात एकाच शाळेत शिकलो. मला वर्गात पहिल्या पाचांत बसवत आणि त्याला दाराजवळ उभे करत. कापडाचा पोत बोटाने ओळखण्यात त्याचा हात धरणारा आमच्या घरात कोणी नव्हता, पण तो हिशेब अर्धवट टाकून उठे, ताका उलगडलेला सोडून बाहेर जाई, उधारी लिहायला विसरे. वडिलांनी त्याला नववीतून काढून दुकानात बसवले. मोजणीत चूक झाली की लोखंडी मीटर त्याच्या पाठीवर पडे. "आळशी", "बेजबाबदार", "कुलाला बट्टा" हीच त्याची नावे झाली, आणि ती ठेवणाऱ्यांत मीही होतो. एकोणिसाव्या वर्षी तो घर सोडून गेला. पुढे त्याने अनेक नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. आज तो दुसऱ्या राज्यात कापडाची दलाली करतो. त्याचे निदान कोणीही केलेले नाही आणि ते करणारा मी कोण? परंतु डॉक्टरांनी सांगितले की ही अवस्था फार मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असते, जवळजवळ उंचीसारखी घराण्यात उतरते. तेव्हा मला कळले की, आमच्या घरात ही गोष्ट दुसऱ्यांदा आली होती आणि दोन्ही वेळा आम्ही तिला एकच उत्तर दिले होते.

सज्जनहो, आता या अवस्थेविषयी मला जे समजले ते थोडक्यात सांगतो. तिचे इंग्रजी नाव अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, संक्षेपाने एडीएचडी. मराठीत आपण तिला अवधान-न्यूनता व अतिचंचलता म्हणू या. 'हे अलीकडचे फॅड आहे' असे आपल्यातील पुष्कळांना वाटते. तसे नाही. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्याने दिली. बुद्धी शाबूत असूनही या मुलांना स्वतःस आवरता येत नाही, असे त्यांनी नोंदवले. त्यांनी त्यास 'नैतिक नियंत्रणातील दोष' म्हटले. त्या काळी मेंदूविषयीचे ज्ञान तेवढेच होते. पुढे १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसंहितेत 'अवधान-न्यूनता' हे नाव आले आणि १९८७ मध्ये आजचे नाव रूढ झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या, जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणातही हेच नाव आहे. म्हणजे, 'नैतिक दोष' ही समजूत शास्त्राने केव्हाच मागे टाकली. मी मात्र २०२२ मध्येही तीच धरून बसलो होतो.

या अवस्थेचे तीन पैलू असतात. पहिला अवधानाचा: काम अर्धवट राहणे, वस्तू हरवणे, सूचना कानावर पडूनही मनात न टिकणे. दुसरा अतिचंचलतेचा: सतत हालचाल, बसल्या जागी चुळबूळ, अखंड बोलणे. तिसरा उतावळेपणाचा: विचार येण्यापूर्वी कृती होणे. काही मुलांत केवळ पहिला पैलू असतो. अशी मुले, आणि त्यांत मुली अधिक, कोणास त्रास देत नाहीत. त्या खिडकीबाहेर पाहत शांत बसतात. त्यांना आपण 'स्वप्नाळू' किंवा 'मंद' म्हणून सोडून देतो आणि त्यांचे निदान कित्येक वर्षे होतच नाही. माताभगिनींनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

प्रत्येक खोडकर मूल या व्याख्येत बसत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. २०१३ च्या निदानसंहितेनुसार ही लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात, बारा वर्षे वयापूर्वी सुरू झालेली असावी लागतात, घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांमुळे मुलाच्या जीवनात खरी अडचण येत असावी लागते. कमी ऐकू येणे, चष्म्याची गरज, अपुरी झोप, भीती, घरातील कलह यांमुळेही मूल असेच वागू शकते. म्हणून शेजाऱ्याने, नातेवाइकाने किंवा माझ्यासारख्या वक्त्याने निदान करू नये. ते काम तज्ज्ञांचे.

अशी मुले किती असतात? जगभरातील अभ्यास एकत्र पाहता शाळकरी वयात शंभरात सुमारे पाच. चाळीस मुलांच्या वर्गात दोन. आपल्या पाठशाळेत आज साठ मुले आहेत. हिशेब आपणच करावा. आपल्या देशापुरते सांगायचे तर, २०१८ मध्ये पाच ठिकाणच्या मुलांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या पाचांत आपल्या शेजारचा उत्तर गोवा जिल्हाही होता. अवधान-न्यूनता, स्वमग्नता, अध्ययन-अक्षमता, ऐकण्या-पाहण्यातील दोष अशा मज्जाविकासाच्या अडचणींपैकी किमान एक अडचण, सहा ते नऊ वयोगटातील शंभरांपैकी तेरा-चौदा मुलांत आढळली. तेव्हा हा एखाद्या घराचा कलंक नसून घरोघरी संभवणारी गोष्ट आहे.

कारण काय? मेंदूच्या पुढील भागाकडे स्वतःस आवरणे, क्रम लावणे, थांबणे ही कामे असतात. तेथील डोपामाइन व नॉरॲड्रेनलिन या रसायनांचे कार्य या मुलांत वेगळ्या रीतीने चालते. २००७ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी मुलांच्या मेंदूची चित्रे घेऊन दाखवले की, या मुलांत मेंदूच्या बाह्य थराची वाढ त्याच क्रमाने होते, परंतु सरासरीने सुमारे तीन वर्षे मागे चालते. हे ऐकले आणि माझ्या मनातील एक गाठ सुटली. नातू दहा वर्षांचा होता. त्याच्या बुद्धीचे वय दहाचेच होते, क्वचित त्याहून पुढेही. परंतु स्वतःला आवरण्यापुरता तो सात वर्षांचा होता. सात वर्षांच्या मुलाला अठ्ठेचाळीस मिनिटे स्थिर बसता आले नाही म्हणून आपण मारतो का?

साखर खाल्ल्याने किंवा आईच्या लाडामुळे ही अवस्था येते, हा समज खरा नाही. साखरेबाबत तर मुलांवर प्रयोग करून तसे पाहिलेही गेले आहे. अपुरे दिवस, जन्मतः कमी वजन, शिशासारख्या विषारी धातूचा संपर्क यांनी धोका वाढतो. जागरण आणि मोबाईलचा अतिरेक यांनी असलेली लक्षणे बळावतात. परंतु मूळ कारणांत मोठा वाटा आनुवंशिकतेचा. आमच्या घरात मी दोन वर्षे सूनबाईच्या संगोपनाला बोल लावत होतो. वास्तविक हा वारसा बहुधा माझ्याच रक्ताकडून गेला होता.

एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: "मोबाईलवर खेळ खेळताना तो दोन तास हलत नाही, मग अभ्यासालाच काय होते?" मीही हेच विचारले होते. डॉक्टर म्हणाले, खेळात दर काही सेकंदांनी नवे काही घडते आणि लगेच बक्षीस मिळते. तेथे मुलाला स्वतःचे लक्ष स्वतः धरून ठेवावे लागत नाही, खेळच ते धरून ठेवतो. अभ्यासाचे फळ सहा महिन्यांनी निकालात दिसते. तेथे लक्ष स्वतःच्या बळावर टिकवावे लागते आणि नेमके तेच बळ या मुलांत अपुरे असते.

आता उपचार. सहा वर्षांखालील मुलांत प्रथम आईवडिलांना वागणुकीचे प्रशिक्षण देतात. त्याहून मोठ्या मुलांत त्या प्रशिक्षणासोबत, शाळेच्या सहकार्यासोबत, गरजेनुसार औषध देतात. औषधाची आपल्याला फार भीती वाटते. १९३७ मध्ये अमेरिकेतील डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांना उत्तेजक औषधाने चंचल मुले शांत होऊन अभ्यासात रमतात असे आढळले. आज सर्वाधिक वापरले जाणारे मिथाइलफेनिडेट हे औषध १९५० च्या दशकापासून बाजारात आहे. म्हणजे, त्याच्या वापराचा अनुभव माझ्या वयाएवढा आहे. आपल्या देशात ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या नियंत्रणाखाली येते. तज्ज्ञांच्या चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही आणि मिळूही नये. त्याने भूक मंदावते, काहींची झोप कमी होते. म्हणून मुलाचे वजन, उंची, नाडी व रक्तदाब वेळोवेळी पाहावे लागतात. उत्तेजक नसलेली अन्य औषधेही आहेत. सर्वच मुलांना औषध लागते असे नाही. हा निर्णय डॉक्टर आणि आईवडील यांचा.

येथे आपल्या आचाराशी संबंधित दोन गोष्टी सांगतो, कारण त्या कोणत्याही वैद्यकीय पुस्तकात सापडणार नाहीत. पहिली, कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. आम्ही संकोच न करता डॉक्टरांना हे सांगितले आणि त्यांनी गोळीच्या स्वरूपातील औषध लिहून दिले. तेव्हा या कारणासाठी उपचार टाळू नयेत, तोंड उघडून विचारावे. दुसरी गोष्ट अधिक कठीण होती. औषधाचा अंमल दुपारपर्यंत असल्याने नातू शाळेत डबा जेमतेम खाई. अंमल उतरला की संध्याकाळी सात-साडेसातला त्याला कडकडून भूक लागे. आमच्या घरात चौविहार. सूर्यास्तानंतर चूल बंद. पहिले काही दिवस तो उपाशी झोपला आणि महिन्याभरात त्याचे वजन दीड किलोने उतरले. माझ्या सौभाग्यवतीचे तीस वर्षांचे व्रत आहे. तिने एका रात्री काही न बोलता स्वतः उठून त्याला गरम पोळी-भाजी करून वाढली. मी तिच्याकडे पाहत राहिलो. ती म्हणाली, "व्रत माझं आहे. भूक त्याची आहे." पुढे डॉक्टरांशी बोलून औषधाच्या आधी भरपेट न्याहारी आणि दिवस मोठा असेल तेव्हा सूर्यास्तापूर्वी दुसरे जेवण, अशी घडी बसवली. तरीही हिवाळ्यात तो रात्री जेवतो. ज्यांना याविषयी शंका असेल त्यांनी पूज्य महाराज साहेबांना व महासतीजींना विचारावे. आम्ही विचारले आणि आम्हाला समाधान मिळाले.

औषधाइतकाच महत्त्वाचा बदल आम्हाला स्वतःमध्ये करावा लागला. समुपदेशक ताईंनी मला एक काम दिले: एक दिवस त्याला घरातील सर्वांनी मिळून किती वेळा टोकले आणि किती वेळा शाबासकी दिली, ते लिहून ठेवा. हिशेब लिहिणे हा माझा जन्माचा धंदा. एका रविवारी मी खिशात लहान वही ठेवली. रात्री बेरीज केली. नावे बाजूस त्रेचाळीस, जमा बाजूस दोन. बंधूंनो, असे खाते घेऊन कोणती पेढी वर्षभर तरी टिकेल? आणि आपण अशा खात्यावर एक बालमन वर्षानुवर्षे चालवतो.

तेव्हापासून काही साधे नियम आम्ही केले. एका वेळी एकच सूचना, तीही दुरून ओरडून न देता जवळ जाऊन, त्याच्या डोळ्यांत पाहून. अभ्यास दहा मिनिटांचा, समोर घड्याळ, मग पाच मिनिटे मोकळीक. सकाळी करावयाच्या गोष्टींची यादी दारावर लावलेली, म्हणजे आईला दहा वेळा सांगावे लागत नाही. चांगले केले की त्याच क्षणी शाबासकी, आठवड्याने नव्हे. चूक झाली की लहानसा, आधीच ठरलेला परिणाम, आणि मारणे कदापि नाही. शाळेत वर्गशिक्षिकेने त्याला पहिल्या बाकावर, खिडकीपासून दूर बसवले आणि फळा पुसण्याचे, वह्या वाटण्याचे काम दिले. म्हणजे त्याला उठण्याची गरज लागते तेव्हा उठण्याला कारण मिळते. रविवारी तो माझ्याबरोबर दुकानात येतो आणि उलगडलेले ताके गुंडाळतो. पोत बोटाने ओळखण्याची कला त्याच्याही हातात आहे.

सर्व सुरळीत झाले असे मी सांगणार नाही. गेल्याच महिन्यात त्याने दप्तरच रिक्षात विसरले. गुण मध्यम असतात. काही दिवस फार वाईट जातात. परंतु "मी वाईट मुलगा आहे" असे जे तो झोपताना म्हणत असे, ते आता म्हणत नाही. आमच्यासाठी तेवढी वसुली पुष्कळ आहे.

शासकीय तरतुदींची माहितीही असावी. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत मुलास शारीरिक शिक्षा करणे व मानसिक छळ करणे यांस मनाई आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये एकवीस प्रकारच्या दिव्यांगता नमूद आहेत. त्यांत अवधान-न्यूनतेचे स्वतंत्र नाव नाही, पण विशिष्ट अध्ययन-अक्षमता आहे. या दोन अडचणी पुष्कळदा एकत्र आढळतात. म्हणून वाचन-लेखन-गणिताची चाचणीही करून घ्यावी. अध्ययन-अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळू शकतात. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीच्या यादीत या अवस्थेचा समावेश आहे. पुढील तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे आणि ही सेवा विनामूल्य आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे नाव न सांगताही मार्गदर्शन मागता येते. पैशाअभावी किंवा लोकलज्जेपायी कोणी मागे राहू नये.

आपल्या परंपरेत 'अवधान' या शब्दाला मोठे स्थान आहे. श्रीमद् राजचंद्रांनी १८८७ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मुंबईत शतावधानाचा प्रयोग करून दाखवला. ही गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. परंतु ज्याला एक अवधानही कष्टाने साधते, त्या मुलाचे स्थानही याच सभागृहात असले पाहिजे. म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टला माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, पाठशाळेत शिक्षा बंद व्हावी. लहान मुलांचे सामायिक पाच-दहा मिनिटांच्या अभ्यासाने सुरू करून वाढवत न्यावे, आणि ज्यांना बसणे जड जाते त्यांना आसने मांडण्यासारखी सेवा द्यावी. दुसरी, आपण दरवर्षी नेत्रतपासणी शिबिर घेतो, त्यास जोडून मुलांच्या श्रवणाची व विकासाची तपासणी तज्ज्ञांकडून करून घ्यावी. तिसरी, तपासणीचा खर्च न झेपणाऱ्या कुटुंबांसाठी एक निधी असावा. दात्यांची नावे फलकावर लिहिण्याची आपली पद्धत आहे, परंतु या निधीतून मदत घेणाऱ्याचे नाव दोन विश्वस्तांपलीकडे कोणास कळू नये. या निधीसाठी पहिली रक्कम मी अध्यक्ष महोदयांकडे दिली आहे. माझेही नाव फलकावर येऊ नये.

जाता जाता एक गोष्ट सांगून माझे भाषण संपवतो. पुण्याहून परतलो त्या रात्री मी धाकट्या बंधूला फोन केला. डॉक्टरांनी सांगितलेले सर्व त्याला सांगितले. वडिलांच्या मीटरची आठवण काढली आणि मी स्वतः त्याला काय काय बोललो तेही. तो बराच वेळ बोलला नाही. मला वाटले फोन तुटला. मग तो म्हणाला, "म्हणजे भाऊ, मी आळशी नव्हतो तर." त्याला हे ऐकायला साठाव्या वर्षापर्यंत थांबावे लागले.

आपण दर संवत्सरीला सर्व जीवांची क्षमा मागतो. पत्रे छापतो, संदेश पाठवतो. परंतु घरातील लहान मुलाची क्षमा आपण कधी हात जोडून मागतो का? मी त्या वर्षी उशिरा का होईना नातवाची क्षमा मागितली. तो संकोचून हसला आणि म्हणाला, "दादाजी, तुम्ही पण ठरवून मारलं नव्हतं ना?" गेल्या पर्युषणात तो बावीस मिनिटे बसला. अठ्ठेचाळीस अजून झालेली नाहीत. आम्हाला घाई नाही.

माझ्या बोलण्यात शास्त्रदृष्ट्या काही उणे-अधिक झाले असल्यास, तसेच कोणाचे मन दुखावले असल्यास, मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.